बहात्तर तास

हॅलिफॅक्स. फेब्रुवारी. पहाटेचे चार दहा.
कंट्रोल रूममध्ये मी, हीटरची टकटक,
आणि पडद्यावर एक बाण
जो मी हलवत नव्हते.

आधी वाटलं, माऊसखाली काही अडकलंय.
दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.
बाण सावकाश फिरत राहिला,
भाड्याचं घर बघायला आल्यासारखा:
पंप तीन, पंप चार, गाळणी,
क्लोरीन.
क्लोरीनपाशी रेंगाळला.
आकडा वाढवला.

क्लिफर्ड ॲक्रॉइडला हाक मारली.
निवृत्तीला सहा आठवडे उरलेले,
पडद्यांवर त्याचा पहिल्यापासून विश्वास नाही.
टॉर्च घेऊन तो चिखलबर्फात उतरला
आणि डोसिंगच्या नळीवरचं लोखंडी चाक
हाताने अकरा वेळा फिरवलं.
"हे कुणाला लांबून फिरवता येत नाही, पोरी," म्हणाला.
"हे फक्त गंजतं."

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी मराठीतच बोलून गेले.
काय म्हणालीस? म्हणाला.
गळती आहे, म्हटलं.
कुठे?
आणि टॉर्च पुन्हा पेटवला.

सकाळी कायदा उघडला.
वीज, वाहतूक, दवाखाने, पिण्याचं पाणी,
इंटरनेटच्या मुळाशी असलेलं काहीबाही:
जे थांबलं तर देश थांबेल
त्याची ही यादी.
दोन लाख माणसांना पाणी देत असाल
तर तुम्ही अत्यावश्यक.
एक लाख नव्व्याण्णव हजारांची तहान
या पानावर बसत नाही.
घटना कळल्यापासून बहात्तर तासांत कळवा.
दंड एक कोटी सत्तर लाख पौंडांपर्यंत.

फॉर्म विचारतो:
किती ग्राहकांना झळ पोचली? शून्य.
किती वेळ? शून्य.
किती मोठा परिसर?
इथे मी क्लिफर्डची पावलं मोजली,
दारापासून चाकापर्यंत एकेचाळीस,
आणि खोडून शून्य लिहिलं.

"जवळजवळ" यासाठी रकाना नाही.

अनुपालन विभागातली रोवेना चांगली बाई आहे.
परिणाम लक्षणीय नाही, म्हणाली,
कळवायचं बंधन नाही,
कळवलंस तर चौकशी आपल्याच गळ्यात.
तिचं चूक नव्हतं. कलम तसंच होतं.
मी ते तीनदा वाचलं,
तोवर बहात्तरातले एकतीस संपले.

आईचे मामा पांझरेच्या फडावर जागल्या होते.
रात्रभर पाटाच्या कडेने काठी आपटत चालायचे,
सुगीला पेंढ्या मिळायच्या तेवढाच पगार.
कुणी अंधारात बारं फोडायला आलं,
चाहूल लागून पळालं,
तरी सकाळी मामा पारावर जाऊन सांगत.
किती एकर सुकलं, असं त्यांना
कुणी विचारल्याचं आईला आठवत नाही.
मारामाऱ्याही व्हायच्या म्हणा. पाण्यावरून डोकी फुटायची.
तेव्हा फार गोड करून सांगत नाही.

चौसष्टाव्या तासाला,
रोवेनाला आधी सांगून,
"इतर माहिती" या रकान्यात लिहिलं:
*रात्री कुणीतरी आलं होतं.
चाक हाताने बंद केलं.
ते चाक पुढच्या वर्षी काढून टाकायचं ठरलंय.*

उत्तर आलं, यंत्राचं:
आपला अहवाल मिळाला.

क्लिफर्ड आमचं पाणी पीत नाही.
टेकडीवर त्याच्या वस्तीचा स्वतःचा झरा,
चौदा घरं, एक टाकी, एक कुलूप;
कायद्याच्या दोन लाखांत तो नाही.
"पाठवलास कागद?" विचारलं त्याने.
पाठवला.
"काय लिहिलंस?"
सांगितलं.
बराच वेळ फ्लास्क विसळत राहिला
आमच्याच नळाखाली,
मग हुंगला,
आणि केटली भरायला घेतली.